दादाच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या दादाला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणतात. ज्यांना त्याने गाडी शिकवली ते म्हणतात, ज्यांना शिकवायला साफ नकार दिला ते तर जरा जास्तच मोठ्याने म्हणतात. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं. तळमजल्यावरची एक खोली, तिच्यात एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि टेबलामागे मी. मी त्याची धाकटी बहीण. फोन घेणं, वेळा ठरवून देणं आणि गाडीतून रडत उतरलेल्यांना पाणी देणं ही माझी कामं. वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो. दादाने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतो, "दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, घरी येऊनही तेच कशाला?" मी लग्न केलं होतं, पण ती गोष्ट वेगळी आणि ती मी सांगत नसते.

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, हे त्या गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाशी, आणि दोन्ही खालून एका सळईने जोडलेले. मास्तरने आपला दाबला की चालवणाऱ्याचाही खाली जातो. त्या क्षणी चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर टेकलेला असला, तर त्या बिचाऱ्याला वाटतं, आपणच दाबला. बरेच मास्तर याचा फायदा घेतात. शिकणारा खूश, मास्तर खूश, परीक्षा घेणाराही खूश. मग तो शिकणारा स्वतःची गाडी घेऊन निघतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीत घुसतो.

म्हणून दादाचा एक नियम होता. आपला पाय पडला की तोंडाने सांगायचं. "माझा." एवढंच. ओरडायचं नाही, टोमणा मारायचा नाही, पण दर वेळी सांगायचं. माणसाला हा शब्द फार लागतो. बँकेतल्या एका मोठ्या साहेबांनी एकाच फेरीत तो इतक्यांदा ऐकला की शेवटी चाकावरचे दोन्ही हात सोडून जोडले आणि म्हणाले, "मास्तर, एखादा माझाही म्हणा की!" दादा म्हणाला, "तुमचा लागला की म्हणेन. आधी हात चाकावर ठेवा." तोंडावर सांगण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही, असं मी पण सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

आणि मग घड्याळजी शिकायला आला.

घड्याळजी म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या समोरच्या रांगेत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, कपाटाएवढं. आत तो एका डोळ्याला भिंग लावून बसतो आणि दुसरा डोळा मिटून घेतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं हा आपल्याला डोळा मारतोय. काम संपलं की तो शटर अर्धं ओढून आमच्या ऑफिसात येणार, खिडकीजवळची खुर्ची धरणार, चहा मागणार आणि दादाशी कशावरही भांडणार. माझी पन्नाशी उलटली, तरी तो मला "पोरी" म्हणतो. त्याची बायको गेली तेव्हा दादा पंधरवडाभर त्याच्याकडेच झोपायला होता. त्या दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही, आणि हे दोघंही कबूल करणार नाहीत.

घड्याळजीची एकुलती एक लेक घाटापलीकडे राहते. तिला एक लहान मुलगी आहे, सगळे तिला छोटी म्हणतात. या छोटीला बस लागते. पहिल्या वळणालाच तोंड पांढरं पडतं आणि दुसऱ्या वळणाला पिशवी शोधावी लागते. त्यामुळे लेकीचं येणं कमी कमी होत गेलं. घड्याळजीने डोकं चालवलं. स्वतःची गाडी असली, तर हळूहळू, थांबत थांबत, पोरीला हवा खायला देत आणता येईल. त्याने एक जुनी पण नीट राखलेली गाडी घेऊन टाकली, घरासमोर उभी केली, आणि मग आमच्याकडे शिकायला आला. आधी गाडी आणि मग शिकणं! असा माणूस लोकांना घड्याळं वेळेवर कशी देतो, मला कोडंच आहे.

पहिल्या दिवशी परत आला तेव्हा त्याचे कान लाल झालेले होते. दादाने त्यालाही सगळ्यांसारखंच "माझा" ऐकवलं होतं, आणि मागच्या सीटवर पुढच्या पाळीच्या दोन कॉलेजच्या मुली बसलेल्या होत्या. त्या हसल्या असाव्यात. त्या संध्याकाळी घड्याळजी चहाला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण भांडला नाही. दादा त्याच्या रिकाम्या कपाकडे बघत बसला होता, ते मला आठवतं.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली, असं मला वाटलं. घड्याळजी शीळ घालत परत यायला लागला. "बरा चालवतो," दादा म्हणाला. मी चकित झाले. महिनाभर घासल्याशिवाय दादाने कोणाला बरा म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पण मनात म्हटलं, बारीक कामाचा हात आहे, लवकर बसला असेल.

एकदा मला बाजारात जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या गाडीत मागे बसले. घड्याळजी छान चालवत होता. चाक हातात हलकं धरलेलं, वळणं एकसारखी. मी कौतुक करणार, एवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक हातगाडी उलटी बाहेर यायला लागली.

घड्याळजी थिजला. मी मागून बघत होते. त्याने श्वास धरला, मान किंचित पुढे काढली, हात जागच्या जागी थांबले आणि नजर त्या हातगाडीवर खिळली. असा मी त्याला शेकडो वेळा पाहिला होता, दुकानात, चिमट्याने केसासारखी स्प्रिंग उचलताना. तिथे तो श्वास सोडेपर्यंत गिऱ्हाईकसुद्धा खोकत नाही. काही नाजूक समोर आलं की अंग स्थिर करायचं, ही सवय त्याने जन्मभर हाडात मुरवली होती. पाय ब्रेकवर होता, पण नुसता ठेवलेला. गाडी चाललीच होती.

मग शेजारी दादाचा पाय खाली गेला. गाडी हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. मी "माझा" ऐकायची वाट बघितली. दादा खिडकीबाहेर बघत होता.

"बघितलंस पोरी?" घड्याळजीने श्वास सोडला. "कसा दाबला!"

बाजारापर्यंत आणखी दोनदा तसंच झालं, आणि दोन्ही वेळा दादा मूग गिळून बसला. मी काय आणायला निघाले होते, तेच विसरले. नुसतीच पिशवी घेऊन परत आले.

घरी आले तेव्हा दादा जेवायला बसला होता. मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "कधीपासून?"

तो समजला. उगाच "काय?" वगैरे म्हणाला नाही. "पहिल्या आठवड्यापासून."

"का?"

"त्याचं तोंड बघवलं नाही गं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा तो कशासाठी तरी सकाळी उठून तयार होत होता. म्हटलं, होईल हळूहळू. आज कमी दाबावा लागेल, उद्या त्याहून कमी."

"आणि लागतो का कमी?"

दादाने हातातला घास परत ताटात ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले. "बँकेच्या साहेबांना ऐकवतोस, कॉलेजच्या मुलींना ऐकवतोस, आणि ज्याच्यावर जीव टाकतोस त्यालाच फसवतोस? त्या घाटात छोटी मागे बसलेली असेल. समोरून ट्रक येईल. हा श्वास धरून बघत बसेल. तेव्हा तुझा पाय कुठे असणार आहे?"

दादाने ताट बाजूला सरकवलं. बराच वेळ तो स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता. मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती मला, कारण घड्याळजीने लेकीला येणारच म्हणून कळवून टाकलेलं होतं आणि छोटी तिकडे रोज विचारत होती.

"उद्या सांगतो," तो शेवटी म्हणाला. "तू पण चल. मला मागे फिरता येऊ नये म्हणून."

सकाळी आम्ही तिघं बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानावर गेलो. तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. गाडी थांबवायला लावून दादा सरळ बोलला. "आजवर तू लावलेस असं तुला वाटतं त्यातले बहुतेक ब्रेक माझे होते. मी दाबत होतो आणि सांगत नव्हतो. तुला ब्रेक लावता येत नाही. तुला ते माहीत नाही, कारण मी माहीत होऊ दिलं नाही."

घड्याळजी हसायला लागला. "सकाळी सकाळी काय घेऊन आलास?"

"घेतली असती तर बरं झालं असतं," दादा म्हणाला. त्याने पाना काढला, खाली वाकून आपल्या पेडलची सळई सोडवली आणि ती माझ्या हातात दिली. मग गाडीत बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी टीव्हीच्या दुकानातून आणलेली रिकामी खोकी दोरीला बांधून तयार होते. काय करायचं ते दादाने मला सांगून ठेवलं होतं.

गाडी हळू आली. मी दोरी ओढली. खोकं गाडीसमोर सरकलं. काचेतून मला घड्याळजीची मान पुढे आलेली दिसली, आणि मग खोकं गाडीखाली गेलं. फार आवाजही झाला नाही. तो उतरला, बघितलं, पुन्हा बसला. "दोरी अचानक ओढलीस," मला म्हणाला. दुसरं खोकं गेलं. तिसरं गेलं. चौथं मी बांधलंच नाही, माझ्याने होईना. ती चपटी झालेली खोकी मला खोकी दिसत नव्हती.

घड्याळजीने गाडी बंद केली. तो रागावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तो अगदी हळू आवाजात बोलला.

"समज, तू मला तुझं बंद पडलेलं घड्याळ दिलंस. मी ते उघडलंच नाही. तू यायच्या आधी रोज नुसते काटे बरोबर लावून ठेवले. तू खूश. म्हणतोस, वा, काय हात आहे. मला काय म्हणशील मग? मित्र?"

"नाही," दादा म्हणाला.

"गाडी येत नाही याचं मला काही नाही. पण मी रोज संध्याकाळी तुझ्यासमोर बसून सांगत होतो, आज असा दाबला, तसा दाबला. तू ऐकत होतास. चहा पीत ऐकत होतास."

तो उतरला आणि चालत निघाला. मैदान मोठं होतं, तो दिसेनासा व्हायला वेळ लागला. दादा जागचा हलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिथेच संपलं असतं तरी मी दादाला माफ केलं असतं. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. पण दादा संध्याकाळी त्याच्या दुकानात गेला. "पहिल्यापासून शिकवतो," म्हणाला. "जमेल की नाही ते आज सांगता येत नाही. पण जे असेल ते खरं सांगेन." घड्याळजीने डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. चारच दिवसांत कळलं, की तो दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलकडे जायला लागलाय. तिथला मास्तर हसतमुख आहे. दादा पुन्हा दुकानात गेला, तेव्हा मीही सोबत होते.

"तुझं लायसन निघेल," दादा म्हणाला. "त्याला काय, सरळ जायचं, वळायचं आणि थांबायचं. थांबवणारा शेजारी असतोच. पण तू घाटात गाडी घालणार असशील तर मी लेकीला फोन करून सांगणार. तुझ्यामागून सांगायचं नाही म्हणून आधीच तुझ्यासमोर बोलतोय."

"फोन केलास तर या दुकानाची पायरी चढायची नाही."

"नाही चढणार."

"तुला काय मिळणार यातून?"

"काही नाही," दादा म्हणाला, आणि आम्ही परत आलो.

लायसन निघालंच. एका दुपारी आमच्या दारात हॉर्न वाजला. घड्याळजी स्वतःच्या गाडीत, धुऊन पुसून चकचकीत केलेल्या, एकटाच बसलेला. काच खाली करून तो माझ्याशी बोलला, दादाकडे न बघता. "रविवारी आणायला जातोय त्यांना. छोटी म्हणेल तिथे थांबणार, म्हणेल ते दाखवणार." आणि गेला. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मीच श्वास धरून होते.

दादाने फोन जवळ ओढला.

आणि आता बघा, मी, जिने त्याला एवढं फैलावर घेतलं होतं, तीच मी त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "थांब जरा. नीट जाईलही तो. हळू चालवतो. तुला दुसरं कोण आहे रे बोलायला?"

दादाने माझा हात उचलून टेबलावर ठेवला, आणि नंबर लावला.

"बाळ, मी काका बोलतोय. बाबा तुम्हाला गाडीने न्यायला येणार आहेत ना? त्या गाडीत बसू नकोस. छोटीला बसवू नकोस... आहे, लायसन आहे... त्यांना वेळेवर ब्रेक लावता येत नाही... मला माहीत आहे, कारण मीच शिकवत होतो. शिकवलंच नाही मी. त्यांच्याऐवजी मी ब्रेक लावत होतो आणि त्यांना कळू दिलं नाही... हो. चूक माझी आहे. पण गाडीत बसू नकोस... कारण काढू नकोस काही. पोट दुखतंय, पाहुणे येतायत, तसलं काही नको. सरळ सांग, काकांनी सांगितलं म्हणून."

फोन ठेवल्यावर त्याने रुमालाने आधी फोन पुसला, मग तोंड.

संध्याकाळी घड्याळजी आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "छोटी फोनवर रडत होती," एवढंच बोलला. मग दादाला म्हणाला, "आपलं संपलं." दादा उठून उभा राहिला होता. घड्याळजी गेल्यावरही तसाच उभा होता.

पुढचे कित्येक महिने समोरचं शटर संध्याकाळी पुरतं खाली यायचं आणि घड्याळजी उलट्या दिशेने घरी जायचा. मधेच दादाचं घड्याळ बंद पडलं. मी म्हटलं, मोठ्या रस्त्यावर दुसरी दुकानं आहेत. तर म्हणे, "त्याचा हात लागलेलं घड्याळ आहे, परक्याने उघडलेलं चालायचं नाही." तसंच बंद घड्याळ बांधून फिरायचा आणि वेळ मला विचारायचा. शिकवताना मात्र आधीपेक्षा कडक झाला. एक नवरा-बायको एकत्र शिकायला आली होती, त्या बाईंना तो म्हणाला, "घरी तुम्ही यजमानांना 'छान चालवता हो' म्हणून सांगता ते बंद करा." बाई रुसल्या, पण यजमान सुधारले.

एकदा जेवताना मी विचारलंच. "पस्तावतोस का?"

"फोनचा पस्तावा नाही," तो म्हणाला. "उद्या पुन्हा करावा लागला तरी करेन. पण तो रोज संध्याकाळी खुशीत येऊन सांगायचा, आणि मी मान डोलवायचो. ती मान मला आता वर करवत नाही." असं म्हणून त्याने भाताचा घास घेतला आणि बराच वेळ चघळत बसला.

एका सकाळी दादा बाहेर निघायच्या तयारीत होता. दारात सावली पडली म्हणून मी बघितलं, तर घड्याळजीची लेक, कडेवर छोटी. छोटीचं तोंड उतरलेलं नव्हतं. "आठवडा झाला येऊन, आत्या," लेक मला म्हणाली. "बसनेच आलो. तीन पिशव्या लागल्या." त्यांच्यामागे पायरीवर घड्याळजी उभा होता. तो वाळला होता. मी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

तो दादाशी बोलला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"मी रोज त्या मैदानावर जात होतो. एकटाच. ही आल्यावर हिने दोरी ओढली. कधी लागतो, कधी नाही. जिथे लागायला हवा तिथे मी थिजतो. आता माझ्याने बदलणार नाही ते." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. "हिला शिकव. तिकडेही हिला उपयोग होईल आणि छोटीला घेऊन यायला जमेल. मी मागे बसेन."

"शिकवतो," दादा म्हणाला.

"एक अट आहे."

"बोल."

"हिच्याशी मैत्री करायची नाही. चुकली की तोंडावर सांगायचं, रडली तरी सांगायचं." घड्याळजीने किल्ली टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही. "मैत्री माझ्याशी आहे तेवढी पुरे."

दादाने मान हलवली, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.